जेवणाच्या टेबलाखालचा ब्रेक

डेपोत त्याला सगळे ‘बर्फ’ म्हणत. कुणी मोटारसायकलवाला आडवा घुसो, कुणी प्रवासी अंगावर धावून येवो, हा आपला ढिम्म. अर्धं आयुष्य बस चालवण्यात गेलं, पण तोंडातून कधी शिवी निघाली नाही. त्या नावाचा त्याला मनातून भारी अभिमान होता. ‘ताणबिण साहेबलोकांना येतो, आपल्याला कुठला परवडायला?’ असं तो म्हणे.

मग स्टिअरिंगशेजारी एक छोटा पडदा बसला. गाडी वेळेत असली की हिरवा, उशीर झाला की लाल. वाहतूक तुंबली तर याने काय पंख लावून उडायचं होतं? पण हे पडद्याला कोण सांगणार! काही महिन्यांतच त्याची छाती आवळल्यासारखी होऊ लागली, झोपेत दात करकर वाजू लागले. त्याच्या मनाने घेतलं की हे हृदयाचंच दुखणं. वडील त्यानेच गेले होते. त्यात ड्रायव्हरांची वार्षिक आरोग्य तपासणी तोंडावर आलेली. काही निघालं तर स्टिअरिंग हातातून जाणार, आणि दुसरं काम याला येत होतं कुठे? त्याने तोंडाला कुलूप लावून घेतलं.

पण टेबलाला कुलूप कसं लावणार? जेवताना ते हलायचं, पेल्यातलं पाणी हिंदकळायचं. एकदा बायकोने वाकून खाली पाहिलं. नवऱ्याचा उजवा पाय फरशी करकचून दाबत होता.

“अहो, आता कोण आडवं आलं?”

“कुठे काय?”

“मग ब्रेक कशाला मारताय? घरात दोघंच तर आहोत आपण.”

तो हसायला गेला आणि रडू कोसळलं. मग छातीचं, वडिलांचं, तपासणीचं सगळं भडाभडा बोलून झालं. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल बायकोने त्याची खरपूस हजेरी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाईंनी छातीला तारा लावून आलेख काढला, रक्त तपासलं, सरकत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. तोवर याची पाचावर धारण बसलेली.

“हृदय ठणठणीत आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “छाती नेमकी कधी आवळते?”

“पडदा लाल झाला की.”

हे बोलला आणि स्वतःच चपापला. इतकं साधं आपल्या लक्षात कसं आलं नाही?

“मग हा ताण आहे. आधी जबडा घट्ट होतो, मग खांदे कानांकडे चढतात, मग छाती. जबडा आवळला की ओळखायचं, आला म्हणून. खांदे खाली सोडायचे, श्वास सावकाश सोडायचा. शेवटच्या स्टॉपला खाली उतरून चार पावलं चालायचं. आणि हे कुणाशी तरी बोलायचं.”

त्याचा जीव भांड्यात पडला. पण बोलायचं म्हणजे कठीण होतं. इतक्या वर्षांचं नाव पाण्यात जायचं. तरी डेपोतल्या बाकावर बसून त्याने एकदाचं सांगून टाकलं, “पडदा लाल झाला की माझी छाती आवळते रे.”

मग पलीकडचा ड्रायव्हर म्हणाला, “तुझीपण? माझ्या तर पोटात गोळा येतो.” तिसऱ्याची झोप उडालेली होती. सगळे मिळून साहेबांकडे गेले. पडदा काही निघाला नाही, पण शेवटच्या स्टॉपवरची विश्रांती वाढवून मिळाली. तपासणीतही तो पास झाला.

पुढच्या सुट्टीला बायकोने त्याला प्रवासी म्हणून बसमध्ये बसवलं. तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. पहिल्याच वळणाला याचा पाय फरशी दाबू लागला. बायकोने चप्पल काढली आणि आपला पाय त्याच्या पायावर ठेवला.

“ओ बर्फ, उठा! शेवटचा स्टॉप!”

तो दचकून जागा झाला. समोर डेपोतलाच ड्रायव्हर हसत उभा होता. बहिणीचं घर केव्हाच मागे राहिलं होतं.

“अगं, उठवायचं नाही का? जेवण गार झालं असेल तिकडे!”

“होऊ दे,” बायको म्हणाली. तिचा पाय अजून त्याच्या पायावरच होता. “दात न वाजवता किती दिवसांनी झोपलात.”