लहानीच्या पेपरला माग थांबले

माझी धाकटी जाऊ, आमची लहानी, माझ्याच धंद्यातली आहे, हे मला तिच्या लग्नाच्या मांडवात कळलं. घरचे तोवर 'कंप्युटरचं काहीतरी करते' एवढंच सांगत होते. मांडवात तिच्या मामाने कौतुकाने सांगितलं, पोरगी नेटवर्कमध्ये आहे, क्लाऊडचं काम करते, तेही घरी बसून. मी तोंडभर हसले आणि आतून कडू झाले. आमच्या घरात, घरातच कशाला, आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात, नेटवर्क म्हणजे मी होते.

आमचं घर कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्यांचं. सासरे आणि माझा नवरा मागावर बसतात, मोहल्ल्यात सकाळपासून खटखट चालू असते. मी भंडाऱ्याला एका इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात आहे. वरठीवरून तुमसर, तिथून पार नाकाडोंगरीपर्यंत गेलेल्या केबलवर आमच्या खोलीतून नजर ठेवतात. नेटवर्किंगची पहिली परीक्षा मी केव्हाच पास झाले होते. तेव्हा सगळ्यांचा स्वयंपाक उरकून नागपूरची एसटी पकडली होती, आणि परत आल्यावर पदर खोचून पोळ्या लाटल्या होत्या. पेपर कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. मलाही त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते लहानी घरात आल्यावर.

त्याच सुमारास पुढची परीक्षा निवडायची वेळ आली. कंपनी वर्षातून एकाच परीक्षेला पाठवते. साहेबांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, आपले लाइन इन्चार्ज पुढल्या वर्षी रिटायर होऊन राहिले. तुम्ही रूटिंगची वरची परीक्षा काढा, खुर्ची तुमची. नाही तर नागपूरवरून माणूस येईल, मग बसा त्याच्या हाताखाली."

रूटिंग म्हणजे डेटाला वाट दाखवणं. एक वाट तुटली तर दुसरीकडून न्यायचं. हे काम मी वर्षानुवर्षं करत होते. विचार करण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं.

पण घरी वरच्या खोलीत लहानी बसलेली असायची. मी घरापर्यंत ओढून आणलेल्या इंटरनेटच्या लाइनवर. ती मीटिंगमध्ये असली की सासूबाई पायांचा आवाज न करता तिला चहा नेऊन द्यायच्या. मी ऑफिसातून आले की सरळ तांदूळ धुवायला. आता माझ्यासाठी कुणी भंडाऱ्यापर्यंत चहा घेऊन येणार नव्हतं, हे मलाही कळतं. पण जळायला एवढंही पुरतं.

मग तिची क्लाऊडची परीक्षा आली. ती घरूनच द्यायची होती. खोलीत दुसरं कुणी नको, कुणाचा आवाज नको, कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत बघणार, आवाज आला तर पेपर रद्द. तिने हे रात्रीच्या जेवणात सांगितलं. सासरे म्हणाले, "मंग माग बंद ठेवू." आणि सकाळी नुसता घरचा माग बंद ठेवून ते थांबले नाहीत. धोतर सावरत मोहल्ल्यात घरोघर गेले, "लहानीचा पेपर आहे, जेवणापर्यंत माग थांबवा जी."

आमच्या मोहल्ल्यात सगळे माग एकदम थांबतात ते मयत झाली तरच. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा ती शांतता ऐकून खांद्यावर दुपट्टा टाकून लगबगीने आला. सासऱ्यांच्या जवळ बसून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं बाप्पा. लहान सून पेपर देऊन राहिली."

ओसरीवरचे सगळे हसले. मी अंगणात सुपात तांदूळ निवडत होते. मला म्हणावंसं वाटलं, मी गेले.

ती पास झाली. पेढे वाटले. सासूबाई मला म्हणाल्या, "मोठे, तू बी हेच कर न. कायले रोज बसचे धक्के खातं? घरी बसून होते सारं." त्यांच्या मनात काही नव्हतं, माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर मी बोलून बसले की मीही क्लाऊडच करणार.

लहानीचा चेहरा खुलला. "खरंच ताई? मी शिकवते न तुम्हाले."

म्हणजे आता वरून शिकवणी.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमची मर्जी. नावं पाठवाले अजून टाइम आहे, तोवर विचार करा." मी विचार केला नाही. तिचीच पुस्तकं, तिचेच व्हिडिओ घेऊन बसले. विषय अवघड नव्हता, पण मन लागेना. लहानी येता-जाता विचारायची, "कुठवर आलं ताई?" मी झालं असेल त्याच्या पुढचं सांगायची, आणि मग खोटं पकडलं जाऊ नये म्हणून तिथवर वाचून काढायची. माझा सगळा अभ्यास असा झाला.

पाऊस सरला आणि लहानीला हैदराबादेत मोठी नोकरी लागली. दिरानेही तिकडेच काम बघितलं. वरठीच्या स्टेशनवर त्यांना गाडीत बसवताना सासूबाईंचे डोळे भरले. मीही रडले. लोकांना वाटलं, जावा-जावांचं किती प्रेम. मी रडत होते कारण ती आणखी पुढे चालली होती.

ती गेली आणि त्याच आठवड्यात माझा अभ्यास बंद पडला. पुस्तक उघडून बसायची आणि काही आत जायचं नाही. कुठवर आलं, हे विचारणारी नव्हती, मग जायचं कुणाच्या पुढे?

अशात एका दुपारी वरठीजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. तुमसरपासून पुढचं सगळं बंद. बँका बंद, दवाखान्यातले कंप्युटर बंद, फोनवर फोन. इन्चार्ज सुट्टीवर होते. एक आडवळणाची जुनी वाट शिल्लक होती, ती मी एक-एक करून जोडत गेले. आधी दवाखाना, मग बँका, मग बाकीचे. स्क्रीनवर शेवटचा, नाकाडोंगरीचा दिवा हिरवा झाला तेव्हा मागे ठेवलेला चहा गारढोण झाला होता आणि माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या दुपारभरात मला लहानीची एकदाही आठवण आली नाही. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

मी तशीच उठून साहेबांकडे गेले आणि माझं नाव क्लाऊडवरून काढून रूटिंगला टाकायला सांगितलं. त्यांना वाटलं, खुर्चीसाठी मला अक्कल आली. खुर्ची तर हवीच होती. पण मी रूटिंग निवडलं ते त्यात तिला विसरायला होतं म्हणून.

ही परीक्षाही घरून देता आली असती. सासऱ्यांनी विचारलंसुद्धा, "मोठे, तुया पेपर कधी आहे?" मी म्हटलं, नागपूरला जाऊन देते. माझ्यासाठी मोहल्ल्यातले माग थांबतात की नाही, ते मला बघायचं नव्हतं.

पास झाले. निकाल तिथेच स्क्रीनवर आला, खुर्चीचं पक्कं झालं. नवऱ्याला सांगायच्या आधी मी परीक्षा केंद्राबाहेर उभी राहून हैदराबादेला फोन लावला. तिला कळायलाच हवं होतं, आणि ते माझ्याच तोंडून.

"रूटिंगची वरची?" लहानी म्हणाली. "ताई, मी दोनदा बसली होती त्याले. दोन्ही बार फेल. म्हणून तर क्लाऊडकडे वळली मी. मले नसतं जमलं कधी."

हेच ऐकायला मी इतके दिवस जळत होते. तिने ते मागितल्याशिवाय देऊन टाकलं, आवाजात कुठे किंतु नव्हता, वर म्हणाली, घरी आईले पेढे वाटाले सांगते मी.

मी फोन ठेवला आणि फुटपाथवर तशीच उभी राहिले. नापास झाल्याचं इतक्या सहज सांगणं मला या जन्मात जमलं नसतं. त्याबद्दलही मला तिचा हेवा वाटला.