घरापर्यंतची सोबत

प्रा. सुशीला बिराजदार मॅडमची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि त्या पहिल्याच बोलण्यात मी त्यांच्यावर ओरडलो. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. पण ओळख तशीच झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा मस्कतजवळच्या एका बांधकामावर होतो, आजही तिथंच आहे. क्रेनला माल बांधून द्यायचं काम. शाळा आठवीतच सुटली. उदगीरच्या घरात पाय टिकला नाही. हैदराबाद झालं, सुरत झालं, मग इकडं आलो. घरात शिकणारा एकच, माझा धाकटा भाऊ वसीम. अब्बांचं टेलरिंगचं दुकान. त्यांनी वसीमला डॉक्टर करायचं ठरवून लातूरला क्लासला ठेवलं. माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "आमचा डॉक्टर लातूरला हाय." वसीमनं दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग तो नांदेडला विद्यापीठात शिकायला गेला. अब्बा मात्र गल्लीत 'डॉक्टर'च म्हणत राहिले. वसीम घरी येईना. आधी अभ्यास आहे म्हणाला, मग फोनच उचलेना.

अशात एक दिवस मॅडमचा फोन आला. "मी वसीमच्या विद्यापीठातली शिक्षिका. आधी हे सांगते, तो सुखरूप आहे, माझ्यासमोर बसलाय, आणि त्याला विचारूनच तुम्हाला फोन केलाय. तो बरेच दिवस जेवत नाही, वर्गात जात नाही. जगावंसं वाटत नाही, असं तो मला म्हणाला. त्याला एकटं ठेवलेलं नाही. मी आता त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघालेय."

मी पेटलोच. "माझा भाऊ येडा न्हाई मॅडम! घरी पाठवा त्याला. अम्मीच्या हातचं चार दिवस खाल्लं की नीट होतंय. तुम्ही काय पण डोक्यात भरवून राहिलाव!"

"ओरडा," मॅडम म्हणाल्या. "लांब असल्यावर माणूस दुसरं काय करणार? तुमचं झालं की बोलू."

त्यांनी फोन ठेवला नाही. माझं ओरडून झालं, तेव्हा सावकाश म्हणाल्या, "घरी पाठवा म्हणताय. पण भाऊ, त्याला घरचीच भीती वाटतेय."

वसीमच्या जिवाला किती धोका होता, ते मला पुढं हळूहळू कळत गेलं. मॅडमना तो कसा सापडला, हे वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. विद्यापीठात समुपदेशनाची खोली होती, ती मॅडमच बघायच्या, पण तिच्यावरची पाटी बघूनच मुलं रस्ता बदलायची. तिकडं गेला तो वेडा, असा सरळ हिशेब होता. मॅडम खोलीत वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी खाणावळवाल्या बायकांशी ओळख ठेवली. 'कोणाचा डबा भरलेला परत येतो?' एवढं एकच त्या विचारायच्या. लातूरला क्लासवाल्या मुलांच्या भागात रविवारी जायच्या, तिथंही हेच विचारायच्या. वसीमचा डबा दारातूनच परत येत होता. मॅडम तो डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेल्या आणि म्हणाल्या, "मलाही भूक लागलीय. अर्धा अर्धा खाऊ या का?" वसीम सांगतो, त्यानं त्या दिवशी दोनच घास खाल्ले. पण त्या घासांनंतर बोलला.

सुट्टीवर आलो तेव्हा मी मॅडमना भेटलो आणि हे कुठं शिकलात म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "किल्लारीला." भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला गेलेल्या तरुण शिक्षकांत त्या होत्या. शेडमधल्या कमलबाईंची दोन्ही लेकरं गेली होती. सगळे येऊन नाव-गाव विचारायचे, धीर धरा म्हणायचे. बाई बोलायच्या नाहीत, पडलेल्या घराकडं जायच्याही नाहीत. मॅडम रोज त्यांची घागर भरून आणायच्या, बाकी काही नाही. एका सकाळी कमलबाई म्हणाल्या, "पोरी, माझ्यासंगं येतीस का तिथवर?" दोघी गेल्या. ढिगाऱ्यापाशी मॅडम शेजारी बसून राहिल्या. ऊन चढल्यावर बाई आपणच उठल्या आणि म्हणाल्या, "चल, तुझं तोंड सुकलं."

"मी काय केलं? मी नुसती होते," मॅडम म्हणाल्या. "पण बाईंना तिथवर एकटीनं जाता आलं नसतं."

तेव्हापासून मॅडमची काम करायची रीत हीच आहे. निकाल बघायला एकट्यानं जायला घाबरणाऱ्याला सोबत. डॉक्टरांकडं पहिल्यांदा जाणाऱ्याला सोबत. वसीमबरोबर त्या दवाखान्यातल्या रांगेत दर खेपेला उभ्या राहिल्या. औषध त्यांनी कधी सांगितलं नाही. "ते डॉक्टरांचं काम, मी रांगेतली," म्हणायच्या. मलाही त्यांनी काम लावलं. "फोनवर त्याला अभ्यासाचं विचारू नका, जेवलास का ते पण विचारू नका. तुमच्या कामावरचं सांगा." मी आमच्या मल्याळी फोरमनच्या शिव्या सांगत बसायचो. अर्थ मला कळत नाही, तरी त्या शिव्या मी मोठ्या कौतुकानं बोलून दाखवायचो. कितीतरी दिवसांनी वसीम फोनवर हसला, तेव्हा मी उन्हात लोखंडावर बसून रडलो.

सगळ्यात अवघड राहिलं होतं ते घर. वसीमला विचारूनच मॅडमनी अब्बांना सगळं सांगितलं होतं. अब्बांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला होता. ते काय बघणार, कोणालाच कळेना. ईद तोंडावर आली तेव्हा वसीम म्हणाला, "तुम्ही येताव का सोबत?" मॅडम निघाल्या.

एस्टी मुखेडला थांबली तसा वसीम उठला. "मॅडम, माझ्यानं होत न्हाई. परत जाऊ."

"उतरू की," मॅडम म्हणाल्या. "चहा पिऊ, मग ठरवू."

त्या एस्टीतून दोघं उतरली. ती निघून गेली. मॅडमनी चहा घेतला, दुसरा घेतला, त्याची समजूत काढायला गेल्या नाहीत. उदगीरची पुढची एस्टी लागली तेव्हा वसीमनंच त्यांची पिशवी उचलली.

पुढचं अम्मीनं मला सांगितलं. ईदची गर्दी, दुकानात गिऱ्हाइकं दाटलेली. वसीम पायरीवर आला तसे शेजारचे रशीदचाचा ओरडले, "आव डॉक्टरसाब! आमच्या गुडघ्याला गोळी लिहून द्या की एखादी!"

सगळे हसले. वसीम तिथंच थिजला. मॅडम त्याच्या शेजारी उभ्या होत्या. अब्बांचं मशीन थांबलं.

"चाचा," अब्बा म्हणाले, "पोरगं लई दिवसांनी घरी आलंय. डॉक्टर-बिक्टर काय न्हाई ते, माझं पोरगं हाय. तुमचा पायजमा संध्याकाळी न्या." मग वसीमकडं बघून म्हणाले, "आत जा. अम्मी वाट बघून राहिली."

आणि मॅडमसाठी स्टूल पुसून पुढं केलं.

मी मॅडमना नंतर विचारलं, तुम्ही चाचाला काहीच कसं सुनावलं नाही? त्या म्हणाल्या, "ते बोलणं अब्बांचं होतं. मी मध्ये पडले असते तर ते राहूनच गेलं असतं."

एका ईदेत सगळं मिटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. औषध पुढंही बरेच दिवस चाललं, मध्ये एकदा पुन्हा सगळं काळं झालं, परीक्षाही बुडाली. पण दुसऱ्या वेळी वसीम स्वतः मॅडमच्या दारात गेला. आज तो शिकतो, अब्बांशी भांडतो, माझ्याकडं मोबाइल मागतो. विद्यापीठात मॅडमनी मुलांचीच एक टोळी तयार केली आहे, नव्या मुलांना दवाखान्यापर्यंत, घरापर्यंत सोबत करणारी. त्या मुलांना त्यांची ताकीद असते: सल्ला देऊ नका, आणि जिवाची भीती वाटली तर क्षणभरही गुपित ठेवू नका, मला उठवा.

मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्त होताहेत. त्यांच्या समुपदेशन कक्षाला कायमची माणसं मिळावीत, एकट्या मॅडमच्या पायांवर तो चालू नये, असं हा ग्रंथ वाचणाऱ्या मोठ्या लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे. मॅडमनाही एक विनंती: गुडघे दुखत असताना एस्टीत उभ्यानं जाऊ नका. जागा मागून घ्या.

तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, दुखण्याखुपण्याशिवाय मिळो. आमची अम्मी रोज पहाटे नमाजनंतर दुआ मागते. वसीम सांगतो, त्यात पहिलं नाव तुमचं असतं, आम्हा दोघा लेकांचं त्यानंतर. आम्हा भावांची त्याला काही हरकत नाही.