ती पाणी प्याली तेव्हा

देवीशी भांडायचा हक्क आपल्याला जन्मापासूनच मिळालाय, असं मी मानत आले. त्या दुपारी बेळगावात, कॅम्पातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून मी यल्लम्माला चक्क दमात घेतलं. एवढं तुझं करते, आणि ऐन वेळी हे? आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. हृदयाची जुनी फाइल पाहिल्याशिवाय भूल देता येणार नाही, नाहीतर पुढची तारीख घ्या, असं डॉक्टर म्हणाले. फाइल राहिली होती घरी, जांबोटीच्या अलीकडच्या आमच्या गावात. फोटो मागवावा तर तिथे रेंज नाही, बसचा भरवसा नाही, आणि पोट धरून कळवळणाऱ्या आईला एकटं टाकून मी जाणार कशी?

तेवढ्यात पद्माचा फोन आला. ही बेळगावात माझ्याच खोलीत राहणारी, निपाणीकडची जैन मुलगी. चार वर्षं एकत्र राहूनही दोघी नोकरीच्या रगाड्यात अशा अडकलेल्या की, दुसरी घरात आहे हे दारातल्या चपलांवरून कळायचं. गॅस संपलाय, एवढंच तिला सांगायचं होतं. "इकडे सगळं ठीक आहे," मी सवयीने म्हणाले. मदत मागणं मला कमीपणाचं वाटायचं. पण आतून खाटेवरून आई ओरडली, "खोटं बोलतिया गं ती! फाइल ऱ्हायलीया घरात!"

पद्मा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून तशीच स्कूटीवरून आमच्या गावाकडे निघाली. शेजारच्या आक्कांकडून किल्ली घेऊन तिने फाइल शोधली आणि संध्याकाळी सात वाजता, अंगभर लाल धूळ घेऊन, ती वॉर्डात उभी राहिली. डॉक्टरांनी फाइल पाहिली. ऑपरेशन पक्कं झालं. मग तिने पिशवीतला डबा माझ्यापुढे ठेवला. "खा आता. शुक्रवार हाय न्हवं तुझा?" मला उपास सोडायचाच होता. चपात्या, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, मी सगळं फस्त केलं. चातुर्मासात दिवस मावळल्यावर पद्मा पाणीसुद्धा घेत नाही, हे मला माहीत होतं. वाटेत कुठेतरी जेवली असेल, असं मी धरून चालले. विचारलंसुद्धा नाही. रात्री ती आमच्याबरोबरच थांबली.

सकाळी आईने मला फैलावर घेतलं. "रातभर त्या पोरीनं पाणी न्हाय घेतलं. डबा तिचा व्हता की गं!"

मी पद्माकडे पाहिलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. परतताना वाटंतच दिवस मावळला."

ऊन चांगलं वर आलं, आता पद्माला पाणी चालणार होतं, तेवढ्यात आईला न्यायला ट्रॉली आली. ऑपरेशनमुळे रात्रीपासून तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तरी ती अडून बसली, "ही पोर पाणी पिल्याबिगर मी आत येत न्हाय." सिस्टर वैतागल्या, वॉर्डातली माणसं हसायला लागली, पद्माला लाजून कुठे बघावं कळेना. मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. पद्मा घटाघट प्याली. कोरड्या ओठांची माझी आई, स्वतःचीच तहान भागत असल्यासारखी तिच्याकडे बघत होती. मला रडू आवरलं नाही. किती वर्षं मी ह्या मुलीच्या शेजारी नुसती झोपत होते, याची लाज वाटली, आणि ती माझी आहे याचा आनंदही झाला.

पद्माला देवीने धाडलं की ती आपणहून आली, ते मला ठरवायचं नाही. आई बरी झाली. तिला चालता येऊ लागल्यावर मी सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात गेले. गाभाऱ्यासमोर दरवेळी माझी मागण्यांची भली मोठी यादी असते आणि त्या कशा पुऱ्या कराव्यात, हेही मीच देवीला सांगते. त्या दिवशी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "आई, तू ज्याच्या हातून देशील, त्याच्या हातून घेईन."