हात आधी जातो

माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं शाबूत आहेत ती शेजारच्या मागावरच्या चाचांमुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

आठवीतून शाळा सुटली. पुढे काही वर्षांनी पहूरहून धुळ्याला आलो, यंत्रमागावर. उभा धागा तुटला की हँडल ओढून माग थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. सहा महिन्यांत हे सगळं हात आपोआप करायला लागले. गाठ बसलेली दिसायची, पण आपण माग कधी थांबवला ते काही केल्या आठवायचं नाही. थांबवला होता ना? त्या धास्तीने जेवण जाईना. चालू मागात हात गेला तर बोटं राहत नाहीत.

चाचांना सांगितलं तर आधी हसले. "हात तुनाच शे ना, का भाड्याना शे?" मग म्हणाले, हँडल ओढलं की तोंडाने 'बंद' म्हणायचं, त्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, आम्ही ओठ बघूनच बोलतो. तरी म्हणायचो. धास्ती कमी झाली.

एके दिवशी सकाळी घरून फोन आला, आई चक्कर येऊन पडली. दुपारपर्यंत डोक्यात तेच. धागा तुटला. मी 'बंद' म्हणालो आणि हात पुढे नेला. माग चालू होता.

चाचांना माझे ओठ दिसले आणि आडवा धागा घेऊन पळणारा धोटाही दिसला. ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी झेप घेऊन माझं हँडल ओढलं. धागा ठोकणारी फणी बोटांपासून पेरभर अंतरावर थांबली.

मी खालीच बसलो.

"आता तोंडपण हातासारखं आपोआप चालायला शिकलं तुझं," चाचा म्हणाले. "उद्यापासून 'बंद'च्या जागी रोज नवा शब्द."

तेव्हापासून सकाळी आल्या आल्या विचारतात, "आज काय?"

"वांगं."

"मग उद्या भरीत."

शब्द नवा असला की तो आठवायला मनाला हाताबरोबर यावंच लागतं.

आई आता बरी आहे. चाचांची नजर मात्र अधू झालीय. तुटलेला धागा चाचपडत शोधतात, मालकाला कळू देत नाहीत. मी सध्या चार माग सांभाळतो. सहा झेपायला लागले की त्यांच्या दोन मागांवरच्या गाठी मी मारीन, ते स्वतःहून घरी बसेपर्यंत.