घरचा मतदारसंघ

"हार दे अन् खाली जाय. फोटोत घरचेच पाह्यजे."

आमदार भाऊसाहेब हे माझ्या कानाशी बोलले. पण समोर माइक चालू होता. बाजाराच्या मैदानात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मागं कोणी तरी हसलं.

मी मंचावर उभी होते. हातात झेंडू-शेवंतीचा भरगच्च हार. निवेदकानं नुकतंच पुकारलं होतं, आता महिलांच्या वतीनं उमेदवार ताईंचा सत्कार. नाव माझं घेतलं होतं, पुढं प्राध्यापिका लावून. तो हार माझ्या बापानं सकाळी ओवला होता. बाप मंचाखाली फुलांच्या क्रेटजवळ उभा होता. त्यानं एकदा वर पाहिलं. मग खाली वाकून क्रेटमधली फुलं उगाचच सारखी करू लागला.

भाऊसाहेबांनी माझ्या हातातून हार घेतला. आपल्या मोठ्या सुनेच्या हातात दिला. तिनं तो उमेदवाराच्या, मैत्रेयीच्या, गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. फोटो निघाले.

मी पायऱ्या उतरले. मला कोणी ढकललं नाही. खाली जा म्हटलं आणि मी गेले. माझं मलाच हे अजून खुपतं.

खाली उतरून मी बायांच्या गर्दीत सतरंजीवर बसले. मैत्रेयी बोलायला उभी राहिली. "माय-बहिनी हो, खारं पाणी पिऊन तुमची हाडं झिजली, अन् तुमाले अजून कोणी विचारलं नाही," असं ती म्हणाली आणि अख्खं मैदान हललं. ते वाक्य माझं होतं. खारपाण पट्ट्यातल्या एका गावात, हापशीवर पाणी भरणाऱ्या म्हातारीशी बोलल्यावर मी ते लिहून दिलं होतं. मैत्रेयीनं ते माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. कुठं थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं.

मी तिचा हेवा करत होते. साधासुधा नाही. छातीत निखारा ठेवल्यासारखा.

मैत्रेयी भाऊसाहेबांची धाकटी मुलगी. दहावीपर्यंत आम्ही तालुक्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. नंतर ती पुण्याला गेली, मी अमरावतीला. मी एम.ए. केलं, राज्यशास्त्रात. मग मीही स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेले. तिथं होस्टेलच्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. "मले समजून नाही राह्यलं" म्हटलं की त्या ते वाक्य एकमेकींना म्हणून दाखवायच्या. मी बोलणंच कमी केलं. परीक्षा निघाली नाही. परत आले आणि तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवू लागले. कॉलेज भाऊसाहेबांच्या संस्थेचं. आमच्याकडं शाळा, कॉलेज, पतपेढी, जिनिंग, जे काही उभं आहे त्याच्या पाटीवर त्यांच्याच घरातलं कोणाचं तरी नाव असतं.

मतदारसंघही तसाच. आधी आजोबा आमदार, मग चुलते, मग भाऊसाहेब स्वतः. लोक त्याला मतदारसंघ म्हणतच नाहीत. 'भाऊसाहेबायचा भाग' म्हणतात.

आमचं गाव मात्र आधी या भागात नव्हतं. आम्ही वरचे, सातपुड्याच्या पायथ्याकडचे. विहिरीला गोडं पाणी. घराघरात फुलं, भाजी, संत्रा. माझ्या लहानपणी आमचं मत दुसऱ्या आमदाराला जायचं. खाली पूर्णेच्या काठची गावं, काळीभोर जमीन पण पाणी खारं, तो भाऊसाहेबांचा मुलूख. मग मतदारसंघांची फेररचना झाली. वरची काही गावं खाली जोडली. खालची काही गावं तोडून शेजारच्या राखीव मतदारसंघात टाकली. माझ्या मावशीचं गाव तिकडं गेलं, आमचं इकडं आलं. गावात कोणाला विचारलं नाही. शाळेवरची पाटी तीच, रस्ता तोच, खड्डे तेच. फक्त मत मागायला येणाऱ्या गाडीत माणसं बदलली.

कॉलेजमुळं मीही त्यांच्या पक्षाच्या ऑफिसात बसायला लागले, तेव्हा कळलं की तिथं गावांची नावं कोणी घेत नाही. गठ्ठे मोजतात. माळ्यायचा गठ्ठा, कुणब्यायचा, तांड्यावरचा, बौद्धायचा, मोहल्ल्यातला, नदीकाठच्या कोळ्यायचा. प्रत्येक गठ्ठ्याला काही ना काही दिलेलं असतं. कोणाला सरपंचपद, कोणाला सभापतिपद, कोणाला सभामंडप. आमदारकी कोणाला द्यायची हा प्रश्न तिथं निघतच नाही.

या वेळी मात्र निघाला. भाऊसाहेबांना वरून सांगण्यात आलं की बाईला उभं करा, वातावरण बाईच्या बाजूचं आहे. महिला आघाडीच्या अध्यक्ष मला चहा पाजून म्हणाल्या की वरच्या बागायती गावांतली शिकलेली बाई मिळाली तर गठ्ठा आपोआप चालत येईल. माझ्याकडं पाहून म्हणाल्या. मी घरी जाऊन हे कोणालाच सांगितलं नाही. पण आरशात पाहून पदर खांद्यावरून घेऊन पाहिला. खोटं कशाला बोलू.

मी फिरू लागले. कॉलेज सुटलं की ऑफिसच्या गाडीत बसायचं आणि गावं करायची. तांड्यावर गेले, मोहल्ल्यात गेले, खारपाण पट्ट्यात गेले. लोक बोलायचे आणि मी ऐकायची. पुण्यात गिळलेली भाषा पुन्हा तोंडात आली.

मग एक दिवस मैत्रेयी पुण्याहून आली. नवऱ्याला तिकडंच ठेवून, केस कापून, सुती साडीत. ऑफिसात शिरली आणि सगळे उठून उभे राहिले. मीही राहिले. तिकीट तिला मिळालं हे मला तिच्या पाया पडायला धावलेल्या माणसांवरून कळलं.

तिनं येऊन मला मिठी मारली. "तू आहेस म्हणून मी हो म्हटलं," ती म्हणाली. आणि तिनं मला वऱ्हाडी शिकवायला सांगितलं.

मी शिकवलं. रोज तिच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून. मले, तुले, काहून, करून राह्यली. ती हसत हसत शिकायची. चुकली की पुन्हा म्हणायची. महिन्याभरात ती अशी बोलू लागली की गावातल्या म्हाताऱ्या तिच्या गालावरून हात फिरवायच्या. म्हणायच्या, पुण्यात राहून पोट्टी बदलली नाही पाहा. ज्या बोलीसाठी मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते, त्याच बोलीवर तिला टाळ्या पडत होत्या.

मला तिच्या साडीचा हेवा वाटायचा. तिच्या आवाजाचा. ती दमली की कोणी तरी पाणी घेऊन धावायचं, त्याचा. ती विसरली तर लोक हसून सोडून द्यायचे, त्याचा. सगळ्यांत जास्त याचा की तिच्या मनात माझ्याबद्दल काहीच वाईट नव्हतं. ती माझ्याशी चांगली वागायची. ते तिला परवडत होतं. एकांतात ती मला 'तू' म्हणायची आणि मीही तिला 'तू' म्हणायची. चारचौघांत मात्र मी 'ताई' म्हणायची. तिनं कधी म्हण म्हटलं नव्हतं. मीच म्हणायला लागले.

आता मंचावरच्या त्या दिवसाकडे येते.

सभा संपली. बापाला फुलांचे रिकामे क्रेट टेम्पोत चढवायला मी हात लावला. मैत्रेयी गाडीतून उतरून माझ्याकडं आली. गळ्यात तोच हार होता. तिनं माझा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नकोस. पप्पांचं बोलणं तसंच असतं," ती म्हणाली. "बरं ऐक, उद्या तुझ्याच गावात सभा आहे. काय बोलू सांग ना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माह्या गावात मी बोलीन."

ती हसली. वाईट हसली नाही. लहान मुलाला हसावं तशी.

"तू? कोणाकडून?"

खरंच कोणाकडून? ती वडिलांकडून बोलत होती, आजोबांकडून, पक्षाकडून, संस्थेकडून. माझ्यामागं कोण होतं? बाप टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होता. मी टेम्पोत जाऊन बसले. तिला एकही वाक्य लिहून दिलं नाही. संध्याकाळी तिचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. हाच माझा पहिला नकार. आवाज न झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीच्या पाराजवळ मांडव पडला. सगळं गाव जमलं. माझी माय पुढच्या रांगेत होती. मी मागं बायांमध्ये उभी राहिले. मैत्रेयीला माझ्या शब्दांची गरज पडली नाही. तिला जे हवं होतं ते तिनं आधीच घेतलं होतं.

"मी काही पाहुनी नाही," ती म्हणाली. "मी तुमचीच पोट्टी आहो."

बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मायनंही वाजवल्या. ते पाहिलं आणि माझ्यातला निखारा बाहेर आला. मी पुढं गेले. एका कार्यकर्त्यानं "मॅडम, बसा" म्हणून हात आडवा केला. मी तो बाजूला सारला. माइक मागितला नाही. गाव लहान आहे, आवाज पोचतो.

मी म्हटलं, "ह्या ताई तुमची पोट्टी नाहीत. तुमची पोट्टी मी आहो. काल मले मंचावरून खाली उतरवलं, ते तुमच्यातल्या किती जनायनं ऐकलं. आपलं गाव यायच्या मतदारसंघात आलं, पन आपन यायच्या घरचे झालो नाही. अन् त्या घराबाहेरच्या मानसाले इथं तिकीट भेटत नाही. आजपासून मी यायचं काम करनार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी मला गप्पही केलं नाही. मैत्रेयीचा चेहरा पडला, तिला खरंच वाईट वाटलं असावं. भाऊसाहेब खुर्चीतून उठले आणि हसत माइककडं आले.

"पोरगी तापट हाय," ते म्हणाले. "पन आपलीच हाय."

लोक हसले. काल मी घरची नव्हते. आज गावासमोर मी त्यांची झाले. तेवढ्या एका शब्दात त्यांनी माझं सगळं बोलणं खिशात घातलं. मंचावरून उतरताना झाला नव्हता इतका अपमान माझा त्या 'आपलीच' शब्दानं झाला. लगेच स्पीकरवर गाणं लावलं.

घरी बाप म्हणाला, "त्यायच्याशी वैर करून आपन कुठी जावं?" त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. भाऊसाहेबांच्या घरची सणावाराची, लग्नकार्याची सगळी फुलं आमच्याकडून जायची. ते गिऱ्हाईक गेलं. कॉलेजातून निरोप आला की यंदा तुमच्या विषयाला तास नाहीत. माझ्या वर्गाला शिकवायला दुसऱ्या बाई आल्या.

निकाल लागला. मैत्रेयी निवडून आली. आमच्या गावानं तिला भरभरून मतं दिली. मायनंही दिलं. "चांगली बोलते पोट्टी," ती मला म्हणाली. मी मायवर रागावले नाही. ती खोटं बोलत नव्हती.

त्यानंतर मी मावशीच्या गावाला गेले. शेजारच्या राखीव मतदारसंघातून एक बौद्ध बाई मागं निवडणूक लढल्या होत्या. अंगणवाडीत सेविका होत्या, त्यांची माय शेतात निंदायला जायची. त्या उभ्या राहिल्या तेव्हा मावशीच्या घरी लोक तोंड वाकडं करायचे. खरं सांगते, माझ्याही मनात आलं होतं की यांना कायद्यानं आयतं मिळतं, आम्हाला कोण देतं. तोही हेवाच होता. पण आंधळा.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कायद्यानं आमच्यासाठी दार उघडलं, तरी आत जाले माह्या आजीपासून भांडत आलो आमी. तुमच्या दाराले कुलूप बी नाही. एकच घर आडवं बसलं हाय, अन् तुमी त्यायलेच विचारता, आत येऊ काय?"

रिकामे कप उचलताना म्हणाल्या, "मी उभी होती तवा तुमच्या मावशीच्या आळीनं मले मत नाही देलं. हे बी ध्यानात ठेवजा."

परत येताना एस.टी.त मी खिडकीशी बसून हाच विचार करत होते. मी चुकीच्या बाईवर जळत होते, या अंगणवाडीच्या बाईंवर. आणि बरोबर बाईवर जळत होते, पण चुकीच्या कारणानं. मैत्रेयीकडं साडी आहे, गाडी आहे, आवाज आहे, ते तिला लखलाभ. तिच्याकडं आणखी एक गोष्ट आहे. तिला कोणी "कोणाकडून?" विचारत नाही. मला ती गोष्ट हवी आहे. माझ्यासाठी हवी आहे, तांड्यावरच्या पोरीसाठी हवी आहे, मोहल्ल्यातल्या आणि अंगणवाडीतल्या बाईसाठी हवी आहे.

मला लहानपणापासून सांगितलं गेलं की हेवा करू नये, बाईच्या जातीला शोभत नाही. मी हेवा सोडणार नाही. तो सोडला तर मी पुन्हा कोणाच्या तरी व्हरांड्यात बसून भाषणं लिहीन.

आता मी सकाळी बापासोबत अमरावतीला फुलं घेऊन जाते. दुपारी शिकवण्या घेते. रविवारी एस.टी.नं निघते आणि एक गाव करते. कोणाच्या गाडीत बसत नाही. गेल्या गेल्या सांगते की मी कोणाकडूनही आलेली नाही. काही ठिकाणी बाया बसायला जागा देतात. काही ठिकाणी दारातूनच वाटेला लावतात. एका गावात तर माझ्याच नात्यातल्या माणसानं विचारलं, भाऊसाहेबायले सांगून आली काय? मी तिथं पुन्हा जाणार आहे.

पुढच्या विधानसभेला मी उभी राहणार. कोणी तिकीट दिलं तर तिकिटावर, नाही तर अपक्ष. बाप म्हणतो, पडशील. पडीन. पहिल्यांदा पडीन, दुसऱ्यांदाही पडीन बहुतेक. पण मशीनवर तिच्या नावाबरोबर माझं नाव राहील. मैत्रेयीला माझ्या गावात येऊन, माझ्या मायसमोर, माझ्याविरुद्ध मत मागावं लागेल. त्या दिवशी मी समोरच उभी असेन.