काळ्या अल्पाकाची भादरणी

पहिल्याच दिवशी मी तिथे रक्त बघितलं. दोह्याबाहेर शहानियाच्या पुढे, हायवे सोडून कच्च्या रस्त्याने आत गेलं की एका कतारी मॅडमचं फार्म आहे. तिथल्या मोठ्या शेडमध्ये दोन नर एकमेकांना फाडत होते. एक काळा, एक पांढरा. मानेत मान अडकवून नुसता किंचाळण्याचा गोंधळ. काळ्याने खाली वाकून पांढऱ्याच्या मागच्या पायांमध्ये तोंड घातलं, तेव्हा मला कळलं की हा खेळ नाही, हा त्याला नर म्हणून संपवायलाच निघालाय. अल्पाका म्हणे, लांब मानेचं लोकरीचं जनावर! फोटोत बघावं तर बाहुली, आणि इथे पांढऱ्याचा कान अर्धा लोंबत होता.

तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मीच आधी आत घुसले. कोपऱ्यातला फावड्याचा दांडा उचलला आणि काळ्याच्या मानेवर दोन हाणले. तो माझ्याकडे वळला आणि हिरवं, आंबलेलं सगळं माझ्या तोंडावर थुंकला. मी त्याचा कान पिरगाळून त्याला भिंतीशी दाबला आणि वर शिव्या घातल्या, अस्सल माणदेशी. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. इंग्लिशमध्ये म्हणाल्या, तुला भीती नाही वाटत? माझा नवरा दारात घामाघूम होऊन उभा होता. तो मॅडमच्या भावाच्या कंपनीत एसी मेंटेनन्सला आहे, त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा मॅडमचीच जास्त भीती.

मला कसली भीती? मी मेंढरांच्या घरातली. माझा बाप शंभर मेंढरं दोन दिवसांत भादरायचा. मेंढरू पाडायचं, गुडघा मानेवर, आणि कातर अशी चालायची की लोकर एका तुकड्यात सुटून यायची. मेंढरू फार धडपडलं तर बाप त्याच्या नाकावर बुक्की मारायचा. आम्ही पोरींनी धडपड केली तरी बुक्कीच मिळायची. ते मला आवडायचं असं नाही, पण हात माझ्यात त्याचाच उतरलाय, तो काही मी नाकारत नाही. लग्न झालं, दोह्याच्या मुऐदर भागात येऊन पडले, आणि या हाताला सतरा वर्षं पोळ्या लाटण्यापलीकडे काम नव्हतं. सुया आणि टकळी बॅगेतून आणली होती, ती कपाटात. त्यामुळे जेव्हा मॅडमनी आपल्या भावाकडून निरोप पाठवला, की तुमच्याकडच्या एकाची बायको लोकरीचं काम जाणते म्हणे, तेव्हा मी त्याच रात्री कपाट उघडलं.

शेडवर सगळं बघायला एक सुदानी माणूस होता, पन्नाशीचा, उंच, हाडकुळा. तो उंटांच्या घरातला. गल्फमध्ये सगळे बोलतात तसली मोडकी हिंदी बोलायचा. काळा जन्मला त्या आठवड्यात त्याची आई मेली, तेव्हा या माणसाने त्याला आपल्या राहायच्या पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये ठेवून बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, काळ्याच्या मानेवरचा माझ्या दांड्याचा वळ चोळत. मला वाटलं, लाडावलाय म्हणूनच माजलाय. तसं मी बोललेसुद्धा. तो वळ चोळतच राहिला.

त्या वर्षी भादरायला बाहेरची माणसं मशीन घेऊन आली. पुढच्या पायांना एक दोरी, मागच्यांना एक, दोन्हीकडून ताणायचं आणि जनावर जमिनीवर सपाट. ते ओरडतंय, थुंकतंय, मुततंय, आणि यांचं मशीन चाललंय. त्याच वेळी काळ्याचे सुळे कापले. नरांना मागच्या बाजूला बारीक, वस्ताऱ्यासारखे सुळे असतात, लढाईसाठीच. दोघांनी जबडा उघडा धरला आणि तिसऱ्याने तारेने करकर कापले. सुदानी माणूस काळ्याचं डोकं मांडीवर घेऊन सारखं काहीतरी पुटपुटत होता. मी पाय धरले होते.

लोकर माझ्याकडे आली. काय सांगू, मऊ! मेंढराच्या लोकरीला तेल असतं, हिला नाही. टकळीवर बोटांतून निसटून जाते, पीळ जास्त द्यावा लागतो. शिकायला महिना गेला. पण माती! काळा दिवसभर लोळायचा, लोकरीत वाळू एवढी की पिंजताना घर भरून जायचं. नवरा खोकायचा, लेक नाकाला ओढणी लावून इंग्लिशमध्ये काहीतरी बोलायची. वाळूने सूत तुटायचं आणि माझी बोटं सोलून निघायची. तरी मी त्यातून मॅडमच्या आईसाठी शाल विणली. म्हातारीने ती गालाला लावली आणि माझा हात धरून ठेवला. सतरा वर्षांत या देशात माझा हात कोणी असा धरला नव्हता. घरी येताना गाडीत मी रडले. नवऱ्याला वाटलं काहीतरी बिनसलं.

दुसऱ्या वर्षी ती मशीनवाली माणसं आलीच नाहीत. आज येतो, उद्या येतो करत एप्रिल संपत आला. मॅडमनी मला विचारलं, तू करशील? मी म्हटलं, करीन, पण आमच्या पद्धतीने. आधी धुणार.

आमच्यात मेंढरं भादरायच्या आधी धुतात. ओढ्यात घालायची, घोळवायची, लोकर पिळून काढायची, मग उन्हात वाळवून कातर लावायची. लोकर अंगावरच स्वच्छ होते. यात चुकायला काय आहे? लेकीला सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, दे आर कॅमल्स." उंटाच्या जातीचं जनावर आहे म्हणे. मी म्हटलं, तुझ्या शाळेत लोकर कातायला शिकवतात का? मग गप्प बस.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने मला तिथे सोडलं आणि तो गाडीत एसी लावून बसला. मॅडम दुपारपर्यंत येणार होत्या. हवा अशी दमट की श्वास घेतला तरी घाम फुटावा. सुदानी माणूस गवताच्या पेंढ्या आणायला मागे गेला होता. मी काळ्याला बाहेर काढला, लोखंडी कठड्याला आखूड बांधला आणि पाइप सुरू केला. पाठ, मान, कुल्ले, सगळं मुळापर्यंत भिजवलं. त्याने लाथ मारली, मी पाइपनेच त्याच्या पायावर एक ठेवून दिली. पाणी काळं-तांबडं वाहत होतं. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मला वाटत होतं, बघा म्हणावं, काम असं करतात.

सुदानी माणूस पेंढी टाकून धावत आला. "मदाम! पानी ऊपर नहीं! पेट, पैर, बस! ऊपर नो!" आणि दोरी सोडायला लागला. त्याला काळ्याला आत कूलरखाली न्यायचं होतं.

मी म्हटलं, आत नेलास तर ओल्या अंगाने गवतात लोळेल, सगळी मेहनत पाण्यात. उन्हात राहू दे, वाळला की तासाभरात भादरते. तो ऐकेना. "मर जाएगा, मदाम. पानी अंदर गरम होता. मर जाएगा." माझं डोकं फिरलं. हा कोण मला लोकर शिकवणारा? मी ओरडले, "तुम ऊंट देखो, मेरे को ऊन मत सिखाओ!" तो दोरी ओढत होता, मीही ओढत होते, मधे काळा घशातून गुरगुरत होता. आणि मग माझ्या हातात दोरीचं जे मोकळं टोक होतं ते मी सपकन् त्याच्या मनगटावर मारलं. एकदा नाही, दोनदा. गाठीचं टोक होतं. रक्त आलं.

त्याने दोरी सोडली. तो माझ्या दीडपट होता. एका हाताने मला बाजूला सारू शकला असता. पण मी बाई, त्यातून मॅडमची पाहुणी, आणि तो कामावरचा माणूस. हे त्याला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत होतं, म्हणूनच मी मारलं.

तो शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. बाकीची जनावरं त्याने आत कोंडली, कडी घातली आणि पाठ कडीला लावली. मी कातरीला धार लावत बसले.

अर्ध्या-पाऊण तासाने मी वर बघितलं तर काळ्याचा खालचा ओठ लोंबत होता. तोंड उघडं, नाकपुड्या फाकलेल्या, कुशी फाटतील इतक्या जोरात हलत होत्या. मी लोकरीत हात घातला. वरून थोडी वाळली होती, आत वाफ. उकळत्या भाताच्या पातेल्यात हात घालावा तशी वाफ. मी हात झटकन मागे घेतला. तेवढ्यात त्याचे पुढचे पाय दुमडले. दोरी आखूड होती, मान वर टांगली गेली.

सुदानी माणूस कसा आला मला कळलंच नाही. त्याने दातांनीच दोरीची गाठ सोडवली. "पेट! पानी पेट!" तो ओरडत होता. त्याने पाइप काळ्याच्या पोटाखाली घातला आणि मी कातर घेऊन बसले. आता ही लोकर अंगावरून काढायची, दुसरं काही नाही. पण ओली लोकर कातरीत येत नाही, गोळा होते. मी ओढून कापत होते. एकदा कातर कातडीत गेली, मग पुन्हा. रक्त गुलाबी होऊन पाण्यात वाहायला लागलं. मी थांबले नाही. बापासारखा गुडघा त्याच्या मानेवर टेकला होता, तो त्या माणसाने ढकलून दिला, मी पुन्हा टेकला, त्याने पुन्हा ढकलला. मी ओरडत होते, ऊठ मेल्या, ऊठ, थुंक माझ्यावर, थुंक की रे! पाठीवरची निम्मी लोकर निघाली. खालचं अंग केवढंसं होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. काळ्याने मान मागे टाकली, पाय दोनदा ताणले आणि खलास.

पाइप चालूच होता. तो मी बंद केला. सुदानी माणूस काळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि या वेळी तो काहीच पुटपुटला नाही.

मॅडम आल्या तेव्हा आम्ही तसेच होतो. माझे हात कोपरापर्यंत लाल. नवरा गाडीतून उतरून आला होता आणि माझ्या शेजारी उभा होता. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. त्यांचाही जीव होता त्याच्यावर, उगीच कशाला खोटं बोलू. मग त्या सुदानी माणसाकडे वळल्या आणि अरबीत बोलायला लागल्या, मोठ्याने. पाणी, ऊन, कोणी, का, एवढं मला कळत होतं. तो मान खाली घालून बसलेला. नवऱ्याने माझं कोपर दाबलं. "गप्प बस," तो दातांतून म्हणाला. "माझी नोकरी आहे यांच्याकडे."

आणि मी गप्प बसले. किती वेळ, सांगता येत नाही. मॅडम त्याला बोलत होत्या आणि मी माझ्या चपलेकडे बघत होते. त्याने एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही. केलं असतं तर मी कदाचित भांडले असते, नाकारलंही असतं. माझा काय भरवसा! मग मॅडम म्हणाल्या, "खलास. सफर." सफर म्हणजे तिकीट काढून घरी. हा शब्द इथे सगळ्यांना कळतो.

मी नवऱ्याचा हात झटकला. "मॅडम, मैंने पानी डाला. इसने मना किया. मैंने इसको मारा. हाथ देखो इसका." नवरा म्हणाला, "अगं..." आणि पुन्हा माझं कोपर धरायला आला. मॅडमनी त्या माणसाचं मनगट बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता नवऱ्याला म्हणाल्या, हिला घेऊन जा, आणि पुन्हा आणू नकोस. नवऱ्याची नोकरी राहिली. त्या माणसाचीही राहिली, हे मी नंतर नवऱ्याकडून चौकशी करवून समजून घेतलं.

आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा मागून तो सुदानी माणूस आला. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगते, मी थांबले त्यासाठीच. वाटलं, मार बाबा, एकदाचं फिटून जाऊ दे. त्याच्या हातात काळ्याच्या पाठीवरची ती ओली, रक्ताची लोकर होती. ती त्याने माझ्या तोंडावर फेकली. "ले जाओ," तो म्हणाला. "ये ही चाहिए था ना तुमको?"

लोकर खाली मातीत पडायला हवी होती. पण मी ती दोन्ही हातांनी वरच्यावर झेलली. तो माझ्याकडे बघत होता, डोळ्यांतलं पाणी न पुसता. आणि माझी बोटं, माझ्या नकळत, त्यातली एक बट वेगळी काढून दोन्हीकडून ताणून बघत होती, धागा किती लांब निघेल ते.