रविवारपर्यंत कुणी बोलायचं नाही

आटपाट धायरी होती. शेतं गेली, इमारती आल्या. त्यातल्या एकीच्या सातव्या मजल्यावर मी, माझा लेक नाना, सून सुमन, नातू तुषार आणि अकोल्याची नातसून ऋचा राहत होतो. माणसं पाचच, पण किस्से असे साठतात की सांगायला बसलं तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. गेल्या वर्षीचे तेवढे सांगते.

*

नानाला ताप होता. थर्मामीटर सापडेना. बाथरूमच्या फळीवर एक पांढरी काडी दिसली. मी ती धुतली, पुसली आणि नानाच्या काखेत घातली. थोड्या वेळानं काढली, तर दोन लाल रेघा!

"सुमन, ताप लई हाय गं! दोन-दोन रेघा आल्यात!"

सुमननं काडी बघितली आणि मटकन खाली बसली. "आत्याबाई, ही तापाची नाही. दिवस गेलेत का ते बघायची आहे."

काखेत हात तसाच धरून नाना ओरडला, "कुणाला? मला?"

*

काडी ऋचाची होती. दोन महिन्यांनी तिला ऑफिस जर्मनीला पाठवणार होतं. त्यासाठी पोरगी वर्षानुवर्षं राबली होती. मूल इतक्यात नको, हे दोघांचं पक्कं होतं. ती कॉटवर बसून नुसती भिंतीकडं बघत होती. तुषार आपला मोबाईल बोटानं वर-खाली करतोय, "पण अ‍ॅपवर तर सेफ दाखवत होतं!"

नाना म्हणाला, "मग पोरगं अ‍ॅपलाच सांभाळायला दे!"

ऋचा उठली. "ठेवायचं की नाही, मी ठरवलेलं नाही. रविवारी डॉक्टरकडे जायचंय. तोवर कुणी काही बोलायचं नाही."

*

कुणी बोललं नाही. सुमननं न बोलता डिंकाचे लाडू वळले. न बोलता फ्रीजमधली पपई शेजारी देऊन टाकली. नानानं माणूस बोलावून बाल्कनीला कमरेएवढी जाळी ठोकून घेतली.

ऋचा म्हणाली, "नाना, हे काय?"

"कबुतरं येतात."

"कबुतरं काय रांगत येतात?"

*

गुरुवारी सुमन गुपचूप भैरोबाला कौल लावून आली. देवाच्या अंगाला दोन्हीकडं एकेक फूल चिकटवायचं. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पहिल्यांदा डावं पडलं. तिनं परत लावलं. परत डावं! तिसऱ्या वेळी उजवं पडलं, तेव्हा कुठं ती देवळातून उठली.

सुमन अंगारा घेऊन सांगायला आली. ऋचानं सगळं ऐकून घेतलं. "आई, देवाला तीनदा विचारलंत. मला एकदा तरी?"

सुमनच्या हातातला अंगारा हातातच राहिला.

*

शनिवारी ऋचाची आई अकोल्याहून न सांगता दारात हजर. सुमनला वाटलं, आता आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस आलं. बाईंनी चहासुद्धा घेतला नाही, उभ्याउभ्या वऱ्हाडीत सुरू झाल्या.

"माझ्या पोरीची नोकरी काय लोणच्याची फोड आहे, तोंडी लावायला? नको असंन तर नको! मी जातो ना तिच्यासंगं दवाखान्यात!"

सुमन माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. पोरीची आई असं बोलते?

ऋचा म्हणाली, "मम्मी, तूही ठरवूनच आलीस?"

*

त्या संध्याकाळी ऋचा माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, नाना पोटात होते तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"मला? मला माझं लग्न ठरल्याचं हळद लागल्यावर कळलं!"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "आणि नको असतं तर?"

एवढी बाळंतपणं झाली, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पण स्वतःला विचारलं नव्हतं.

"नको म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं गं."

*

रविवारी दवाखान्यात आम्ही सगळेच. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय ठरलंय?" ऋचा सोडून सगळे एकदम बोलायला लागले! बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं.

आठवडाभर "तू म्हणशील तसं" याच्यापुढं न गेलेला तुषार दारातून वळला. "ऋचा, ठेवलंस तर मी नोकरी सोडून जर्मनीला येतो. बाळ मी बघीन. नाही ठेवलंस, तरी येतो."

नाना म्हणाला, "ह्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

ऋचा म्हणाली, "दार लावून घे."

लई वेळानं ती बाहेर आली. "मला हवंय. जर्मनीला बाळ झाल्यावर जाईन, ऑफिसशी मी भांडते. तुषार, राजीनाम्याचं तू बघ."

आता मटकन बसायची पाळी तुषारची!

*

ऑफिसनं ऐकलं. दिवस भरले आणि मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली. मी हात पुढं केले, तर मधूनच तुषारनं घेतली! माझ्यासमोर, बापासमोर छातीशी धरली, मुका घेतला!

मी बघतच राहिले. आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर उचलायची रीतच नव्हती. तुषार तान्हा असताना रडून रडून निळा व्हायचा, पण मी ओसरीवर असले की नाना हात मागं बांधून उभा.

नाना कितीतरी वेळ तुषारकडं बघत होता. मग माझ्या कानाशी आला. साठीचा माणूस!

"आई, जरा तिकडं तोंड कर."

मी केलं.

मागून तुषारचा आवाज आला, "अहो नाना, हळू! मधे बाळ आहे!"